काठी, वॉकर आणि व्हीलचेअर घेऊन विमानप्रवास



नातवाचं लग्न असो, मलिद्याचा नवस असो की इस्राएलमधल्या मुलाबाळांची भेट, आपल्यातले बरेच जण सत्तरीनंतरही लांबचा विमानप्रवास करतात. इथून ट्रॉयहून डेट्रॉइट विमानतळ गाठला तरी मुंबईला थेट विमान नाही, मध्ये बदलावंच लागतं. तिथलं चालणं गुडघ्यांना भारी पडतं.

तेव्हा व्हीलचेअर मागायला लाजू नका. पण नुसतं "व्हीलचेअर पाहिजे" म्हणून भागत नाही. विमान कंपन्यांकडे तीन प्रकार असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढता येतो, लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना जमत नाही, पण विमानात आपल्या सीटपर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंतही न्यावं लागतं. घरची मंडळी घाईत पहिलाच प्रकार नोंदवून मोकळी होतात. मग विमान लांब उभं असलं, बसने नेलं, की समोर शिडी! गुडघे जास्तीत जास्त दुखतात त्या दिवसाचा अंदाज धरून प्रकार निवडा आणि निदान ४८ तास आधी कळवा. कोशेर जेवणाचंही त्याच वेळी सांगून टाका.

आता आपल्या स्वतःच्या साधनांचं. अमेरिकेत १९८६ च्या एअर कॅरियर ॲक्सेस ॲक्टखाली नियम आहेत. काठी, वॉकर, व्हीलचेअर सामानाच्या हिशेबात धरत नाहीत आणि त्याचे पैसेही घेत नाहीत. अमेरिकेला ये-जा करणाऱ्या परदेशी विमानांनाही हे लागू आहे. व्हीलचेअर विमानाच्या दारापर्यंत वापरा आणि उतरल्यावर दारातच परत हवी म्हणून सांगा. सीटवरची गादी आणि सुटे होणारे भाग मात्र आपल्याबरोबर आत घ्या. खुर्चीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. घडी कशी घालायची ते मोठ्या अक्षरांत लिहून तिला चिकटवा.

बॅटरीवर चालणारी खुर्ची असेल तर कंपनीला आधी फोन हवाच. काढता येणारी लिथियम बॅटरी ३०० वॅट-अवरपर्यंत चालते आणि काढल्यावर ती केबिनमध्येच न्यावी लागते. आकडा बॅटरीवर छापलेला असतो.

खुर्ची मोडली तर? अमेरिकेच्या आतल्या प्रवासात मूळ खरेदी किमतीपर्यंत भरपाई मिळते. भारत-अमेरिका प्रवासात मात्र माँट्रियल कराराची मर्यादा लागते, सगळ्या सामानाला मिळून १,५१९ एसडीआर, म्हणजे साधारण दोन हजार डॉलर. भारी खुर्ची त्यात कुठली येणार! म्हणून चेक-इनच्या वेळी तिची किंमत लेखी जाहीर करा, थोडे जादा पैसे पडले तरी. मोडतोड दिसली तर विमानतळ सोडण्याआधीच तक्रार नोंदवा. "घरी जाऊन बघू" म्हणू नका, लेखी तक्रारीची मुदत ७ दिवसांचीच आहे. काउंटरवर कुणी ऐकत नसेल तर "कम्प्लेंट रिझोल्यूशन ऑफिशियल" बोलवा म्हणावं. हे नाव पाठच करून ठेवा.

शेवटी एक नर्स म्हणून बोलते. संडासला जायला नको म्हणून आपल्या बायका पाणीच पीत नाहीत. एवढे तास कोरडं, न हलता बसलं की पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती असते. मोठ्या विमानात अरुंद चाकाची खुर्ची असते, ती मागा. कर्मचारी दारापर्यंत नेतात, आत मदत करणं मात्र त्यांच्यावर बंधनकारक नाही. ज्यांना आतही आधार लागतो त्यांनी घरचं माणूस बरोबर घ्यावं, आणि त्याची सीट शेजारचीच मागून घ्यावी.