इंधन बदललें, ठिणगीचें काय?

भोरहून वरंध घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर, नीरा देवघर धरणाच्या जलाशयाजवळ हिर्डोशी हें गांव आहे. हिर्डस मावळच्या या मुलखांत पाऊस उदंड, जमिनीचे तुकडे लहान आणि भाताचें पीक मुख्य. आषाढांत लावणीची घाई सुरू झाली, कीं एकेका दिवसाला मोल येतें. अशा डोंगरी गांवांतून बैलांच्या जोडीला आतां लहान लहान इंजिनें आलीं आहेत. कोणाचा पाणी उपसण्याचा पंप, कोणाचा पाठीवर बांधण्याचा फवारा, तर कोणाचें गवत कापण्याचें यंत्र. ऐन कामाच्या दिवशीं दोरी ओढून ओढून हात दुखले तरी इंजिन सुरू होत नाहीं, तेव्हां दोष पेट्रोलचा कीं ठिणगीचा, हा प्रश्न मालकापुढें उभा राहतो. आणि पेट्रोलचा भाव आठवला, कीं त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: हेंच इंजिन रॉकेलवर, मद्यार्कावर किंवा गोबरगॅसवर कां चालूं नये?

या दोन्ही प्रश्नांचें उत्तर शोधावयाचें, तर सिलिंडरांत ठिणगी नेमकी केव्हां पडते, तें आधीं समजून घेतलें पाहिजे.

पेट्रोलच्या इंजिनांत हवा आणि इंधनाची वाफ यांचें मिश्रण सिलिंडरांत ओढलें जातें. दट्ट्या वर येऊन तें दाबतो. मग ठिणगी पडून मिश्रण पेटतें आणि त्याच्या दाबानें दट्ट्या खालीं रेटला जातो. ऐकणाऱ्याला हा एकच स्फोट वाटतो. परंतु वस्तुतः तो स्फोट नव्हे. चुलींत एका टोंकाला लावलेला जाळ जसा हळूहळू दुसऱ्या टोंकाला पोंचतो, तशी ही ज्योत सिलिंडरभर पसरत जाते. तिला लागणारा वेळ फार थोडा, म्हणजे सुमारें सेकंदाचा चारशेंवा भाग असतो. परंतु मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा एक फेरा सेकंदाच्या पन्नासाव्या भागांतच पुरा होतो. म्हणजे ज्योत पसरेपर्यंत चाक फेऱ्याचा आठवा हिस्सा फिरून जातें. सर्वांत मोठा दाब दट्ट्या वरच्या टोंकावरून नुकताच खालीं वळला असतां मिळावा, अशी इच्छा असेल, तर ठिणगी तो वर पोंचण्यापूर्वींच पाडली पाहिजे. म्हणून अशा इंजिनांत ती साधारणतः २० ते २५ अंश आधीं पडेल, अशी योजना केलेली असते.

ठिणगी फार लौकर पडली, तर वर येणाऱ्या दट्ट्यावरच दाबाचा तडाखा बसतो. इंजिन ठोके मारूं लागतें आणि सुरू करतांना दोरी उलट हिसडा देते. ती फार उशिरा पडली, तर उष्णतेचें कामांत रूपांतर होण्याऐवजीं ती धुराबरोबर बाहेर जाते. सायलेन्सर तापतो, शक्ति घटते आणि इंधन मात्र अधिक खर्च होतें.

ही ठिणगी निर्माण करण्याचें काम लहान इंजिनांत मॅग्नेटो करतो. त्याला बॅटरी लागत नाहीं. फ्लायव्हीलमध्यें बसविलेलें लोहचुंबक फिरतां फिरतां तारेच्या वेटोळ्याजवळून जातें आणि वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. ठरलेल्या क्षणीं 'पॉइंट' उघडतात, प्रवाह एकाएकीं तुटतो आणि त्या धक्क्यानें दुसऱ्या वेटोळ्यांत हजारों व्होल्टांचा दाब निर्माण होऊन स्पार्क प्लगच्या फटींत ठिणगी पडते. जर्मनींत बॉश यांच्या कारखान्यांत गॉटलोब होनोल्ड यानें १९०२ सालीं अशा उच्च दाबाच्या मॅग्नेटोला चांगलें रूप दिलें, आणि तेंच तत्त्व आजहि गवत कापण्याच्या यंत्रांत नांदत आहे. नव्या इंजिनांत पॉइंटांची जागा इलेक्ट्रॉनिक जोडणीनें घेतली आहे, एवढाच फरक.

मोठ्या मोटारींत ठिणगीची वेळ वेगाप्रमाणें आपोआप पुढेंमागें होते. फोर्डच्या जुन्या 'मॉडेल टी' मोटारींत तर ती बदलण्यासाठीं सुकाणूच्या चाकाखालीं एक दांडीच असे आणि चालक ती हातानें सरकवी. लहान इंजिनांत मात्र ही वेळ कारखान्यांतच कायमची ठरविलेली असते, आणि ती पेट्रोल गृहीत धरून ठरविलेली असते. इंधन बदलावयाचें म्हणजे या ठरलेल्या वेळेशीं पुन्हा हिशेब करावा लागतो. त्या हिशेबांत दोन गोष्टी पाहावयाच्या असतात. नव्या इंधनाची ज्योत किती वेगानें पसरते, ही पहिली. आणि दाबाखालीं तें आपण होऊन अवेळीं पेटतें कीं ठिणगीची वाट पाहतें, ही दुसरी.

या हिशेबाचा मोठा अनुभव दुसऱ्या महायुद्धानें दिला. भारतांत १९४१ मध्यें पेट्रोलचें नियंत्रण सुरू झालें आणि १९४२ मध्यें ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेल्यावर तेथून येणारें तेलहि बंद झालें. त्या काळीं कोळशाच्या वायूवर मोटारी चालूं लागल्या. गाडीच्या पाठीमागें पत्र्याची उंच भट्टी बसवीत. तींत लांकडी कोळसा अपुऱ्या हवेंत जाळला, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा ज्वलनशील वायु तयार होई. तो गाळून, निववून इंजिनाकडे नेत. सह्याद्रीच्या जंगलांत कातकरी लोक पिढ्यान् पिढ्या कोळसा पाडीत आले होते. एरवीं शहरांतील शेगड्यांत जाणाऱ्या त्या कोळशाला युद्धकाळांत मोटारींचेंहि गिऱ्हाईक लाभलें.

परंतु या वायूंत निम्म्याहून अधिक भाग निरुपयोगी नत्रवायूचा असतो. त्यामुळें इंजिनाची शक्ति एकतृतीयांशापासून निम्म्यापर्यंत घटते. घाट चढतांना अशा मोटारी कां धापा टाकीत, याचें कारण हेंच. शिवाय या मिश्रणाची ज्योत मंद असते. म्हणून ठिणगी पेट्रोलपेक्षां बरीच आधीं, ३० ते ४० अंशांपर्यंत आधीं पाडावी लागे. गाडी पेट्रोलवर सुरू करून मग वायूवर आणीत, तेव्हां ठिणगीहि पुढें सरकवावी लागे. तें न केल्यास इंजिन तापे आणि ओढ मुळींच मिळत नसे.

रॉकेलची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालविण्याचे पंप शेतकऱ्यांना चांगले परिचित आहेत. रॉकेलची वाफ सहज होत नाहीं, म्हणून इंजिन आधीं पेट्रोलवर तापवावें लागतें. दाबाखालीं रॉकेल ठिणगीची वाट न पाहतां पेट घेतें आणि इंजिन ठोके मारतें. यासाठीं रॉकेलच्या इंजिनांत मिश्रण कमी दाबतात; पेट्रोलचें इंजिन मिश्रण आठनऊ पट दाबीत असेल, तर रॉकेलचें सुमारें पांच पटच दाबतें; आणि ठिणगीहि थोडी उशिरा पाडतात. साध्या पेट्रोल इंजिनाच्या टाकींत केवळ स्वस्त म्हणून रॉकेल ओतणें हा त्याच्या दट्ट्याशीं केलेला उघड द्रोह होय. न जळलेलें रॉकेल खालच्या वंगणांत उतरतें, वंगण पातळ होतें आणि बेअरिंगें झिजतात. याहून मोठा धोका घरांत असतो. पेट्रोल मिसळलेलें उरलेंसुरलें रॉकेल चुकून स्टोव्हमध्यें गेलें, तर भडका उडून माणसें भाजतात. तें वेगळ्या डब्यांत, वेगळ्या जागीं आणि मुलांच्या हातीं लागणार नाहीं असें ठेवलें पाहिजे.

मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, हा स्वभावानें शांत आहे. कितीहि दाबला तरी तो सहसा ठोका देत नाहीं. त्याच्या ज्योतीचा वेग पेट्रोलच्या जवळपास असल्यानें ठिणगीची वेळ फारशी बदलावी लागत नाहीं. खरा बदल इंधनाच्या मापांत करावा लागतो. एक किलो पेट्रोल जाळण्यास १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो मद्यार्काला अवघी ९ किलो. म्हणजे तितक्याच हवेंत मद्यार्क दीडपटीहून अधिक जाळावा लागतो, आणि त्यासाठीं कार्ब्युरेटरमधील जेटचें भोंक मोठें करावें लागतें. वाफ होतांना तो पुष्कळ उष्णता शोषून घेतो, त्यामुळें थंडीच्या सकाळीं इंजिन सुरू होण्यास कुरकुर करतें. त्याची ज्योत फिकट निळी असून भर उन्हांत दिसून येत नाहीं, हेंहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां गंमत अशी, कीं हिर्डोशीच्या शेतकऱ्यानें मनांत आणलें नाहीं, तरी त्याचें इंधन बदललेलेंच आहे. २०१४ सालीं भारतांतील पेट्रोलमध्यें इथेनॉलचें प्रमाण शेंकडा दीडच्या आसपास होतें; २०२५ मध्यें तें शेंकडा २० पर्यंत पोंचलें. महाराष्ट्रांत हें इथेनॉल मुख्यत्वें उसापासून व साखर कारखान्यांतील मळीपासून होतें. एवढ्या मिश्रणासाठीं ठिणगी हलविण्याचें कारण नाहीं. मात्र इथेनॉल पाण्याचा लोभी आहे. मावळच्या चार महिन्यांच्या ओल्या हवेंत सैल झांकणाच्या डब्यांत तें राहिलें, तर पाणी ओढून घेतें. आणि पाणी पुरेसें झालें, कीं इथेनॉल व पाणी मिळून तळाशीं बसतात व पेट्रोल वर तरंगतें. इंजिनाची नळी तळाचेंच इंधन ओढते. मग नवा प्लग घातला, पॉइंट घासले, तरी इंजिन ढिम्म हलत नाहीं. दोष ठिणगीकडे नसून टाकीच्या तळाशीं असतो. पेट्रोल एका कांचेच्या बाटलींत घेऊन थोडें स्थिर ठेवलें आणि त्यांत दोन थर दिसले, तर रोगाचें निदान झालें. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून ठेवणें आणि पुढच्या वेळीं ताजें पेट्रोल भरणें, हा त्यावर उत्तम उपाय.

राहिला गोबरगॅस. त्यांत शेंकडा ५५ ते ६५ मिथेन आणि बाकी बहुतेक कार्बन डायॉक्साइड असतो. मिथेन स्वतः दाबाला न डगमगणारा. पुण्याच्या रस्त्यांवर सी.एन.जी.वर धांवणाऱ्या रिक्षा याच वायूवर चालतात. परंतु गोबरगॅसमधील कार्बन डायॉक्साइड ज्योतीला मंद करतो. म्हणून येथें ठिणगी पेट्रोलपेक्षां आधीं पाडणें श्रेयस्कर. वायूचें मिश्रण पेटविण्यास विजेचा दाबहि अधिक लागतो. प्लगची फट थोडी कमी केली, म्हणजे अशक्त मॅग्नेटोहि आपलें काम करतो. गोबरगॅसला सडक्या अंड्यासारखा वास देणारा गंधकयुक्त वायु धातु खातो. तो लोखंडाच्या गंजलेल्या किसामधून गाळून काढल्याखेरीज इंजिनांत जाऊं देऊं नये.

ही वेळ प्रत्यक्ष बदलावयाची कशी? जुन्या पॉइंटांच्या मॅग्नेटोंत पॉइंटांची फट किंचित् वाढविली, कीं ते लौकर उघडतात व ठिणगी लौकर पडते. फट कमी केली, कीं ती उशिरा पडते. याहून अधिक बदल हवा असल्यास पॉइंटांची तबकडीच थोडी फिरवावी लागते. इलेक्ट्रॉनिक जोडणींत मात्र चुंबक व वेटोळें यांची परस्परांतील जागा बदलण्यावांचून उपाय नसतो, आणि तें जाणत्या मेकॅनिकचें काम आहे. कोणत्याहि प्रकारांत मूळच्या जागेवर आधीं खूण करून ठेवावी, एका वेळीं दोनतीन अंशांहून अधिक बदल करूं नये, आणि ठोका ऐकूं येतांच मागें यावें. एका वेळीं जेट, प्लग आणि ठिणगी या तिन्ही गोष्टी हलविल्या, तर गुण कशानें आला वा दोष कशानें वाढला, हें कधींच कळत नाहीं.

कोळशाच्या वायूविषयीं मात्र अधिक सावध राहिलें पाहिजे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं. तो रक्तांतील प्राणवायूची जागा घेतो आणि माणसाला झोंप आल्यासारखें वाटतां वाटतां प्राण जातो. कोणत्याहि इंजिनाच्या धुरांत तो थोडाफार असतोच. म्हणून पावसापासून वांचविण्यासाठीं गोठ्यांत वा माजघरांत नेलेलें इंजिन तेथें चालवून पाहण्याचा मोह टाळावा. भिजलेलें इंजिन पुसून वाळवितां येतें.

इंधनें पुढेंहि बदलत राहतील. ऊस, शेण, कोळसा यांपैकीं काय टाकींत पडावें, हें भाव आणि टंचाई ठरवतील. त्यांपैकीं प्रत्येकाला पेटावयास किती अवधि लागतो, हें मात्र निसर्गानें ठरविलेलें आहे. आणि तें ओळखून ठिणगी पाडणाऱ्याचेंच इंजिन लावणीच्या दिवशीं पहिल्या ओढीला सुरू होतें.