मागील आसाचे बळ

बैलगाडीच्या कण्याचे काम सोपे असते. गाडीचा भार पेलावा आणि चाकांना आपल्याभोवती फिरू द्यावे, इतकेच त्याच्याकडून अपेक्षित असते. ओढण्याचे कष्ट बैल घेतात. मोटारगाडीत ओढणारे कोणी पुढे नसते. इंजिनाचे बळ चाकांपर्यंत नेण्याची जबाबदारीही आसावरच, म्हणजे ॲक्सलवरच, येऊन पडते. पिकअप, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली हलकी मालमोटार, डांबरी रस्ता सोडून चिखलात, नदीपात्रात किंवा खडकाळ चढणीवर नेली की या जबाबदारीचे ओझे किती वाढते, आणि ते पेलण्यासाठी आसात कोणते फेरफार करावे लागतात, हे आपण येथे पाहू.

मागील आसाच्या पोटात प्रथम भेटते ती क्राऊन आणि पिनियन ही दंतचक्रांची जोडी. गाडीच्या लांबीच्या दिशेने आलेले बळ ती काटकोनात वळवते आणि फेरे कमी करून जोर वाढवते. तिच्यासोबत डिफरन्शिअल असते. वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापते. हा फरक सामावून घेण्याची युक्ती ओनेसिफोर पेक्योर या फ्रेंच घड्याळजीने 1827 मध्ये वाफेच्या गाडीसाठी योजली होती. मोटारीने ती तशीच उचलली.

परंतु या युक्तीत एक उणेपणा आहे. साधे डिफरन्शिअल दोन्ही चाकांना नेहमी जवळजवळ सारखाच जोर देते. एक चाक चिखलात रुतून गरगरू लागले, तर ते फिरवण्यास फारच थोडा जोर पुरतो. आणि दुसरे चाक कोरड्या, घट्ट जमिनीवर असूनही त्याच्या वाट्याला तेवढाच थोडा जोर येतो. गाडी जागची हलत नाही. यावर उपाय म्हणजे डिफरन्शिअलला कुलूप घालणे, म्हणजे लॉकर बसवणे. त्यामुळे दोन्ही चाके एकाच दांड्यावर असल्याप्रमाणे बरोबरीने फिरतात. हवेच्या दाबाने किंवा तारेने चालकाच्या इच्छेनुसार लागणारे लॉकर त्यांतल्या त्यांत सोयीचे. कारण पक्क्या रस्त्यावर कुलूप लागलेले राहिले तर वळणावर टायर घासतात आणि गाडी सरळ जाऊ पाहते.

आता थोडे गणित करू. समजा, मागील आसावर 1000 किलोग्रॅम भार आहे, टायरची त्रिज्या 35 सेंटिमीटर आहे आणि टायर व जमीन यांमधील घर्षणांक 0.8 आहे. घसरण्यापूर्वी ही दोन चाके मिळून 1000 × 0.8 × 0.35, म्हणजे 280 किलोग्रॅम-मीटर एवढा पीळ घेऊ शकतात. साध्या डिफरन्शिअलमध्ये प्रत्येक अर्धदांड्याच्या, म्हणजे हाफ-शाफ्टच्या, वाट्याला 140 येतात. मालकाने 40 सेंटिमीटर त्रिज्येचे टायर घातले आणि लॉकरही बसवला, असे समजू. खडकावर एक चाक अधांतरी राहिले, तर सगळा भार व सगळा पीळ एकाच दांड्यावर येतो : 320 किलोग्रॅम-मीटर. म्हणजे पूर्वीच्या सव्वादोन पटींहून अधिक. आणि गरगरणारे चाक एकदम खडकाला पकडते तेव्हाचा हिसका यात धरलेलाच नाही.

सुदैवाने दांड्याचे पीळ सोसण्याचे बळ त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 1.31 इंच जाडीच्या दांड्याऐवजी त्याच पोलादाचा 1.50 इंचाचा दांडा घेतला, तर जाडी सुमारे 15 टक्क्यांनीच वाढते. बळ मात्र दीडपट होते. अमेरिकेतील हौशी मालक हलक्या पिकअपचा आस काढून अधिक वजन वाहणाऱ्या ट्रकचा आस बसवतात, त्यामागे हेच कारण आहे. फोर्डच्या 1957 पासून वापरात आलेल्या प्रसिद्ध आसाचे क्राऊनचक्र 9 इंचांचे. डाना 60 या आसाचे 9.75 इंचांचे, तर जनरल मोटर्सच्या चौदा बोल्टांच्या जड आसाचे 10.5 इंचांचे असते.

अशा जड आसांचा आणखी एक गुण विशेष महत्त्वाचा आहे. हलक्या गाडीत अर्धदांडा चाक फिरवतो आणि त्याच वेळी गाडीचा भारही पेलतो. यांतील काही रचनांत दांडा मोडला की चाक ब्रेकच्या ड्रमसकट बाहेर निसटू शकते. जड ट्रकमध्ये भार आसाच्या नळीवर बसवलेल्या हबवर व बेअरिंगांवर असतो. दांडा केवळ पीळ वाहतो. आपल्याकडील मालट्रकच्या मागील चाकाच्या मध्यभागी बोल्टांनी आवळलेली जी तबकडी दिसते, ती या दांड्याचेच टोक होय. दांडा मोडला तरी चाक जागेवर राहते, आणि जॅक न लावताही मोडलेला दांडा बाहेर काढता येतो. घाटाच्या कडेवर, हौद्यात माणसे बसलेली असताना, हा फरक जीव वाचवणारा ठरतो.

मोठ्या टायरांमुळे आणखी एक हिशेब बिघडतो. 35 ऐवजी 40 सेंटिमीटर त्रिज्या झाली की जमिनीवरील ओढ एक-अष्टमांशाने घटते. ती भरून काढण्यासाठी क्राऊन-पिनियनचे 4.10 हे प्रमाण 4.69 च्या आसपास न्यावे लागते; बाजारात 4.56 किंवा 4.88 मिळते. मात्र प्रमाण वाढते तसे पिनियन लहान व नाजूक होत जाते. शिवाय गाडी चारही चाकांनी चालणारी असेल, तर पुढच्या आसाचे प्रमाणही तेच ठेवले पाहिजे. अन्यथा दोन्ही आस एकमेकांविरुद्ध ओढू लागतात आणि मधली यंत्रणा पिळवटून निघते.

प्रत्येक लाभाची किंमत असते. आसाचा गोळा मोठा झाला की तो जमिनीच्या अधिक जवळ येतो. कमानपाटे उंच केल्याने गाडीचा सांगाडा वर जातो, परंतु आस जेथल्या तेथे राहतो. त्याला वर उचलणारे टायरच. जड आसामुळे चाके खड्ड्यांतून जोराने आपटतात. पाट्यांच्या बैठका, प्रोपेलर शाफ्टची लांबी व कोन, ब्रेकच्या नळ्या, हे सारे पुन्हा जुळवावे लागते. दातांची पकड आणि त्यांमधील सूक्ष्म मोकळीक अनुभवी कारागिरानेच ठरवावी. आणखी एक लहान गोष्ट : तापलेला आस थंड पाण्यात बुडाला की आतील हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाऊन वंगण नासते. म्हणून आसाच्या श्वासनलिकेला रबरी नळी जोडून तिचे तोंड उंचावर बांधावे. हा उपाय अत्यल्प खर्चाचा आहे, आणि नेमका तोच अनेकदा विसरला जातो.

आपल्या देशात 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीतील अशा फेरफारांवर मर्यादा घालते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

शेवटी मूळ तत्त्व एकच आहे. एक दुवा बळकट केला की साखळीतला दुबळेपणा नाहीसा होत नाही; तो पुढच्या दुव्यावर सरकतो. अर्धदांडा जाड केला तर क्राऊनचे दात तुटतील. तेही मोठे केले तर प्रोपेलर शाफ्टचा सांधा मोडेल. म्हणून सुज्ञ मनुष्य प्रथम आपली वाट, आपला भार आणि आपले टायर निश्चित करतो, आणि मग विचारतो : मोडलेच, तर काय मोडावे? जो भाग स्वस्त आहे, वाटेत बदलता येतो आणि मोडला तरी ज्याने चाक निखळत नाही, तोच दुबळा राहू द्यावा. त्यानंतरच खर्चाला हात घालावा.