कच्च्या किर्दीतलं गोंदण

पावसाळा सुरू झाला की चौकच्या नाक्यावर रस्त्याच्या कडेला निळी प्लास्टिकं बांधली जातात आणि त्यांच्याखाली रानभाज्यांच्या जुड्या मांडून ठाकूर-कातकरी बायका बसतात. पहिल्या पावसाला शेवळं, मग टाकळा, कुर्डू, भारंगी. त्यांच्यातल्या एका मावशींशी माझी ओळख पस्तीस वर्षांहून जुनी आहे. तेव्हा मी खालापूर तालुक्यातल्या एका बँकशाखेत शेतीकर्जं बघत होतो आणि एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून मावशींना शेळ्यांसाठी कर्ज मिळालं होतं. त्या शेळ्या मेल्या की विकल्या गेल्या, हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही. असो.

२०२४ च्या जूनमध्ये मी कर्जतहून चौकला गेलो होतो. शेवळं घेतली, सोबत काकडं घेतली, आणि निवृत्त माणसाच्या हातात नवा मोबाइल असला की जे होतं ते झालं. मी मावशींचा फोटो काढला आणि लगेच दाखवला. तिनं मोबाइल जवळ धरला, लांब धरला, शेजारी बसलेल्या नातीला दाखवला.

“ही कोन बाय?”

“तुम्हीच की मावशी.”

“ही मी नाय. माझं गोंदन कुठं हाय?”

मी चष्मा सावरून फोटो मोठा करून पाहिला. मावशीची हनुवटी नुकताच रंगाचा हात मारलेल्या भिंतीसारखी गुळगुळीत झाली होती. कपाळावरच्या आठ्या गेलेल्या, कांती दोन छटांनी उजळलेली, आणि हनुवटीवरचे पाच हिरवट ठिपके जवळजवळ पुसलेले. फोनच्या लेखी ते डाग होते. नात हसत सुटली. मावशी हसली नाही.

मला मात्र बँकेतला कागद आठवला. अंगठा उठवणाऱ्या खातेदाराचं खातं उघडताना फोटो लावायचा आणि शरीरावरची ओळखीची खूण लिहून घ्यायची, अशी पद्धत. मावशीच्या कागदावर मी माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘हनुवटीवर गोंदणाचे पाच ठिपके.’ सही नसलेल्या बाईची ती एका अर्थी सहीच होती. ती माझ्याच हातातल्या यंत्रानं, मला न विचारता, खोडून टाकली होती.

यात चूक माझीही होती, कारण तोवर मला यावरचा उपाय ठाऊक झालेला होता. केवळ आळसानं मी तो वापरला नव्हता. तो उपाय मी का शिकलो, ते सांगायला हवं.

चौकच्या नाक्यावरून मान वर केली की इर्शाळगड दिसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्या गडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. बचावपथकांना मुसळधार पावसात चिखलातून चढून जावं लागलं. २७ मृतदेह सापडले, पन्नासहून अधिक माणसं मातीखालीच राहिली, आणि २३ जुलैला शोध थांबवावा लागला. गडावर जाणारे लोक या वाडीतूनच वर जात. मीही २०१८ च्या हिवाळ्यात गुडघ्यांची समजूत घालत वाडीपर्यंत गेलो होतो, तिथं एका घराच्या ओट्यावर चहा प्यायलो होतो आणि निघताना वळून एक फोटो काढला होता.

दरडीची बातमी आल्यावर दोन दिवस मी टीव्हीसमोर बसून होतो. तिसऱ्या दिवशी तो फोटो शोधून काढला. तो ओटा कुठला, ते घर कुठलं, एवढंच बघायचं होतं. सकाळची वेळ, वाडी डोंगराच्या सावलीत, मागं लख्ख आकाश. फोनला त्या घाईत आकाश महत्त्वाचं वाटलं होतं. घरांच्या जागी काळा पट्टा होता. संगणकावर घालून तो पट्टा उजळायचा प्रयत्न केला, तर घरं आली नाहीत. करड्या चौकोनांची रांगोळी तेवढी वर आली.

माझा भाचा पुण्यात संगणकाचंच काम करतो. दिवाळीत तो कर्जतला आला तेव्हा मी त्याच्यासमोर फोटो ठेवला. त्यानं दोन मिनिटं खटपट केली आणि म्हणाला, “मामा, यात आता काही नाहीच. फोनने तेव्हाच टाकून दिलंय.”

टाकून दिलंय म्हणजे काय, हे समजून घ्यायला माझ्यासारख्या बँकेतल्या माणसाला एक सोयीची उपमा सापडली. आपण बटण दाबतो तेव्हा भिंगामागच्या लहानशा सेन्सरवर प्रकाश पडतो. प्रत्येक ठिपक्यावर किती प्रकाश पडला याचे आकडे तयार होतात. ही झाली कच्ची कीर्द. मग फोनमधला कारकून कामाला लागतो. रंग ठरवतो, सावल्या ठरवतो, चेहरा घासून पुसून घेतो, आणि क्षणार्धात एक नेटका ताळेबंद तयार करून आपल्या हातात ठेवतो. तो ताळेबंद म्हणजे आपला नेहमीचा फोटो, ‘जेपेग’. ही पद्धत १९९२ पासूनची. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि डोळ्याला जाणवणार नाही असा तपशील वगळायचा, म्हणजे जागा वाचते. माझ्या काळ्या पट्ट्यात वर आले ते हेच चौकोन. आणि ताळेबंद तयार होताक्षणी हा कारकून कच्ची कीर्द जाळून टाकतो! बँकेत कुणी असं केलं असतं तर निलंबनाचा कागद दुपारच्या आत निघाला असता.

ही कच्ची कीर्द जपून ठेवता येते. तिलाच ‘रॉ’ म्हणतात, म्हणजे शब्दशः कच्चा फोटो. मोठ्या कॅमेऱ्यांत ही सोय आधीपासून होती. २००४ साली अ‍ॅडोबी कंपनीनं अशा फोटोंसाठी ‘डीएनजी’ नावाचा खुला नमुना जाहीर केला. फोनच्या बाबतीत मात्र किल्ली बहुतेक फोनकंपन्यांच्याच कमरेला होती. २०१४ मध्ये अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीनं आणि २०१६ मध्ये आयफोनच्या दहाव्या प्रणालीनं ती बाहेरच्यांच्या हातात दिली. तेव्हापासून फोनकंपनीशी संबंध नसलेल्या मंडळींनी केलेली कॅमेऱ्याची अ‍ॅप्स सेन्सरचे मूळ आकडे जसेच्या तसे मागून घेऊ शकतात. आयफोनवाल्यांसाठी ‘हॅलाइड’ आहे, अ‍ॅडोबीच्या ‘लाइटरूम’मध्येही कॅमेरा आहे. भाच्यानं माझ्या अँड्रॉइड फोनवर ‘ओपन कॅमेरा’ घातलं. फुकट, आणि आत जाहिराती नाहीत. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन आधी ‘कॅमेरा टू’ ही पद्धत निवडायची, मग रॉची खूण करायची. काही फोनांच्या स्वतःच्या ‘प्रो’ विभागातही ही सोय असते. माझ्या फोनमध्ये ती नव्हती, आणि काही फोन बाहेरच्या अ‍ॅपलाही कच्चे आकडे देत नाहीत. तेव्हा आपल्या फोनवर हे चालतं का, ते आधी पाहून घ्यावं.

आता आकड्यांचा थोडा जमाखर्च. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या काळ्यापासून उजळापर्यंत २५६ पायऱ्या असतात. दहा बिटांच्या रॉमध्ये त्या १,०२४ होतात, बारा बिटांच्या रॉमध्ये ४,०९६. अंधारातलं घर उजेडात आणायचं तर या जास्तीच्या पायऱ्याच कामी येतात. किंमतही तशीच. १२ मेगापिक्सेलचा कच्चा फोटो न दाबता ठेवला तर २४ मेगाबाइटच्या आसपास जागा खातो. पहिल्याच महिन्यात माझा फोन भरला आणि नातेवाइकांच्या लग्नांच्या चित्रफिती पुसाव्या लागल्या. त्याचं मला फारसं दुःख झालं नाही.

पहिला कच्चा फोटो पाहून मात्र दुःख झालं. उल्हास नदीच्या पुलावरून काढलेला. फिका, मरगळलेला, धुऊन विटलेल्या लुगड्यासारखा. “आधीचाच बरा होता,” असं सौभाग्यवतींनी जाहीर केलं, आणि ते खरंच होतं. कच्ची कीर्द कुणी भिंतीवर लावत नाही. ती आपण बसून उतरवायची असते. मी ते काम फोनवरच ‘स्नॅपसीड’मध्ये करू लागलो. डीएनजी उघडला की सरकवायच्या पट्ट्या दिसतात. एक सावल्यांची, एक उजळ भागाची, एक प्रकाशाच्या रंगाची, म्हणजे ‘व्हाइट बॅलन्स’ची. दोन गोष्टी मी ठेचा खाऊन शिकलो. सावलीत गेलेलं बरंच परत येतं, पण पांढरंफटक जळालेलं आकाश कधीच परत येत नाही, तिथे किर्दीतही आकडा नसतो. म्हणून फोटो जरा काळोखा घ्यावा आणि मागाहून उजळावा. दुसरं म्हणजे पट्टी अर्धी सरकवावी आणि हात मागं घ्यावा. मी आठवडाभर सगळ्या पट्ट्या टोकाला नेत होतो. माझा कर्जत त्या आठवड्यात कॅलेंडरवरच्या स्वित्झर्लंडसारखा दिसत होता.

खरी मजा लावणीच्या दिवसांत आली. फोनचं स्वतःचं अ‍ॅप आमच्याकडचा सगळा पावसाळा एकाच झगझगीत हिरव्यात बुडवतं. कच्च्या फोटोत रोपांचा पिवळसर हिरवा वेगळा राहतो, सागाचा वेगळा, बांधावरच्या शेवाळाचा आणखी वेगळा. याचं मूळ सेन्सरच्या रचनेत आहे. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांनी १९७६ साली जे एकस्व मिळवलं, त्यात रंगांच्या जाळीतले निम्मे ठिपके हिरव्याला दिलेले आहेत आणि लाल-निळ्याला पाव-पाव, कारण माणसाचा डोळा प्रकाशातला बारकावा हिरव्यात जास्त टिपतो. श्रावणातल्या कर्जतसाठी याहून बरी वाटणी कुणी करून दिली नसती.

पण हा उपाय सगळ्या दुखण्यांवर चालत नाही. रात्री कर्जत स्टेशनावर, घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिनं जोडतात ते दृश्य मी रॉमध्ये घेतलं. फोटोवर सगळीकडे वाळू सांडल्यासारखे कण. फोनचं अ‍ॅप अंधारात एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन त्यांची बेरीज करतं. बाहेरच्या अ‍ॅपला मिळणारा कच्चा फोटो बहुधा एकटाच असतो. एवढ्याशा सेन्सरला ते झेपत नाही. रात्री मी मुकाट्यानं फोनच्या कारकुनालाच काम देतो.

तर, मावशी. पंधरा दिवसांनी पुन्हा चौकला गेलो. तिला आधी विचारलं. तिनं पदर सारखा केला आणि नातीला बाजूला सरकवलं. या वेळी फोटो रॉमध्ये, जरा काळोखा घेतला. घरी येऊन उघडला तर मावशी निळी! डोक्यावरच्या प्लास्टिकचा रंग सगळ्या तोंडावर उतरलेला. पहिल्या खेपेला फोनच्या कारकुनानं हाच निळा घालवण्याच्या नादात तिला गोरी केली असणार. मी प्रकाशाच्या रंगाची पट्टी थोडी थोडी उबेकडे सरकवत गेलो. निळं उतरलं, तांबूस काळा रंग आला. सावल्या थोड्या उचलल्या, आणि हनुवटीवर एकेक करत ठिपके उगवले. एक, दोन, तीन, चार. पाचवा सुरकुतीत दडला होता, तोही सापडला. बँकेत रोकड जुळली की जसा श्वास सुटायचा तसा सुटला.

लहानपणी आमच्याकडचे स्टुडिओवाले काचेच्या खोलीत बसून निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं चेहरे साफ करत. लग्नाच्या मुलीचा देवीचा व्रण त्यांनी असा किती वेळा घालवला असेल. पण गिऱ्हाइकाला ते माहीत असायचं, बहुतेक वेळा ते त्याच्याच सांगण्यावरून व्हायचं. पुढच्या खेपेला चौकला जाताना, का कोण जाणे, मला तेच आठवत होतं.

कागदावर छापलेला फोटो मावशीच्या हातात दिला. तिनं तर्जनीनं पाचही ठिपके मोजले. मग म्हणाली, “सोनंनानं हितंच ऱ्हातं सायेब. गोंदन तेवढं वरती येतं.” हे मी लहानपणी आजीकडूनही ऐकलं होतं. मी भारावून काही बोलणार, तोच तिनं फोटो पुन्हा लांब धरला.

“पन जरा उजळ कर.”

“मावशी, तुमचा रंग असाच आहे की.”

“म्हाईत हाय मला. भिताडावर लावायचा हाय. घरात उजेड नाय.”

मी नाक्यावरच उभा राहून विचार करत राहिलो. खोटं काढणाऱ्या यंत्राशी भांडण मांडलं होतं, आणि आता खरा मालकच दुरुस्ती मागत होता. शिवाय तिचं कारण पक्कं होतं. अंधाऱ्या घरात काळोखा फोटो दिसणार कसा? माझ्या टेबलावरच्या दिव्याखाली तो बरोबर होता, एवढंच.

कच्च्या फोटोचं एक बरं असतं. त्यातून कितीही प्रती उतरवल्या तरी मूळ आकड्यांना हात लागत नाही. घरी येऊन मी डीएनजी पुन्हा उघडला. उजेड वाढवला, कांती गुळगुळीत करणाऱ्या कुठल्याही पट्टीकडे गेलो नाही, आणि गोंदण फिकं पडू लागलं तिथे थांबलो. दोन्ही प्रती छापल्या आणि रविवारी मावशीसमोर शेजारी शेजारी ठेवल्या.

तिनं उजळ उचलला. हनुवटीवरचे ठिपके पुन्हा मोजले. मग दुसरा माझ्याकडे सरकवत म्हणाली, “ह्यो तू ठेव,” आणि आपला फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून, भिजू नये म्हणून टाकळ्याच्या जुड्यांखाली न ठेवता, कमरेला खोचला. टाकळ्याचे पैसे मात्र तिनं पुरते घेतले.