यंत्रनौकेच्या इंजिनासाठी सुट्या भागांची निवड

सोलापूरच्या नवी पेठेपासून समुद्र रस्त्याने तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. या गजबजलेल्या बाजारपेठेत नौकेच्या इंजिनाचा विषय निघावा, हे प्रथमदर्शनी नवलाचे वाटेल. तथापि सोलापूर जिल्ह्याला समुद्र नसला तरी विस्तीर्ण पाणी आहे. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याच्या यशवंतसागर जलाशयाने काठच्या अनेक गावांच्या जुन्या वाटा पाण्याखाली घेतल्या. समोरासमोर दिसणाऱ्या दोन गावांत रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो. साहजिकच मासेमारीबरोबर प्रवासासाठीही नाव वापरली जाते. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली नाव वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. वाऱ्यावर माणसाची सत्ता नाही. परंतु भर पाण्यात आभाळ भरून आले असता यंत्रनौकेला वेळेत काठ गाठून देणारे साधन एकच असते, ते म्हणजे तिचे इंजिन.

नौकेसाठी मोटारीचे किंवा मालमोटारीचे इंजिन घेऊन ते नव्याने बांधण्याची प्रथा कोकण किनाऱ्यावर जुनी आहे. तीत गैर काही नाही. चूक होते ती मोटारीला जे चालते ते नौकेलाही चालेल असे गृहीत धरण्यात. मोटारगाडी सपाट रस्त्यावर धावते तेव्हा इंजिनाच्या शक्तीचा लहानसा भागच वापरला जातो. उतार लागला की इंजिनाला विसावा मिळतो. नौकेला उतार नाही. वेगवान नौका म्हणजे बोरघाट चढणारी भरलेली मालमोटार होय. फरक इतकाच की हा घाट संपत नाही.

यामागील गणित सोपे आहे. नौकेचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, फिरविण्यास लागणारी शक्ती ढोबळमानाने फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पूर्ण फेऱ्यांना १०० अश्वशक्ती लागत असेल, तर ९० टक्के फेऱ्यांना सुमारे ७३ आणि ८० टक्के फेऱ्यांना केवळ ५१ अश्वशक्ती पुरते. फेऱ्यांचा शेवटचा दहावा हिस्सा शक्तीचा चौथ्याहून अधिक हिस्सा खाऊन टाकतो. म्हणून सुट्या भागांची यादी करण्यापूर्वी नौकेचे वजन, तळाचा आकार, पंख्याचे माप आणि इंजिन किती फेऱ्यांवर दीर्घकाळ चालणार आहे, या गोष्टी ठरल्या पाहिजेत. दुकानात जाण्याची पाळी त्यानंतरची.

दट्ट्या, म्हणजे पिस्टन, ओतीव असतो किंवा घडीव. सतत जड भार वाहणाऱ्या इंजिनाला घडीव दट्ट्या अधिक भरवशाचा. परंतु तापल्यावर तो अधिक फुगतो. तो बसविताना सिलिंडरच्या भिंतीपासून अंतरही अधिक ठेवावे लागते, आणि इंजिन थंड असताना त्याचा खडखडाट थोडा ऐकू येतो. रिंगांच्या टोकांतील फटीचेही तेच. उष्णतेने टोके एकमेकांना भिडली तर रिंग मोडते आणि सिलिंडर ओरखडला जातो. भारी किमतीचा दट्ट्या जुन्या मापाने बसविला, तर स्वस्त दट्ट्याच्या आधी तोच जाम होईल. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ही तशी किरकोळ खरेदी. पण जुने बोल्ट पुन्हा वापरण्याची काटकसर अनेकदा संपूर्ण इंजिनाच्या किमतीला पडते.

कॅमशाफ्टच्या बाबतीत सोलापूरकरांना अभिमान वाटावा असे काही आहे. झडपा केव्हा उघडाव्यात आणि केव्हा मिटाव्यात हे ठरविणारा हा दांडा बनविणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी १९९२ साली येथेच स्थापन झाली, आणि तिचा माल परदेशांतील मोटार कारखान्यांतही जातो. शर्यतीच्या मोटारीसाठीच्या कॅमशाफ्टमध्ये आत घेणारी आणि बाहेर सोडणारी अशा दोन्ही झडपा काही काळ एकदम उघड्या राहतात. त्यामुळे उच्च फेऱ्यांना शक्ती वाढते. नौकेत हाच गुण अंगलट येतो. पुष्कळशा नौकांत धुराच्या नळीत थंड पाणी सोडलेले असते. इंजिन मंद चालत असता नळीतील दाबाच्या लाटा उलट फिरतात आणि उघड्या झडपेतून पाण्याचा अंश सिलिंडरमध्ये ओढला जातो. झडपा गंजतात, त्यांच्या बैठका खराब होतात. दोन्ही झडपा एकदम उघड्या राहण्याचा काळ कमी असलेला कॅमशाफ्टच येथे योग्य, मग कागदावर चार अश्वशक्ती कमी दिसल्या तरी चालेल. बाहेर सोडणारी झडप मात्र उष्णता सोसणाऱ्या निकेलयुक्त मिश्रधातूची असावी.

थंड करण्याच्या व्यवस्थेत समुद्र आणि जलाशय यांचे मार्ग वेगळे होतात. खाऱ्या पाण्यात साधे पोलादी भाग टिकत नाहीत. तेथे उष्णता बदलणाऱ्या नळ्या तांबे-निकेलच्या, पंप कांस्याचा आणि गंज आपल्या अंगावर घेणारे जस्ताचे तुकडे, अशी योजना करावी लागते. गोड्या पाण्यात जस्त फारसे काम देत नाही. तेथे मॅग्नेशियम वापरतात. उजनीसारख्या जलाशयात गंजापेक्षा गाळ आणि जलपर्णी यांचाच त्रास अधिक. पाणी ओढणाऱ्या नळीची जाळी सहज काढून साफ करता यावी, आणि पंपातील रबरी चक्राचा एक जादा नग नावेत असावा. हे चक्र कोरडे फिरले तर अल्पावधीत फाटते.

सर्वांत धोक्याची निवड दिसायला सर्वांत क्षुल्लक असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती नौकेच्या तळाशी साचते. मोटारीत ती वाऱ्याने निघून जाते. नौकेत तिला वाट नसते. मोटारीच्या स्टार्टरमधून वा अल्टरनेटरमधून उडणारी बारीक ठिणगी अशा वेळी स्फोटास पुरेशी ठरते. नौकेसाठीचे हे भाग ठिणगी बाहेर पडणार नाही अशा रीतीने बंदिस्त केलेले असतात आणि हवेच्या तोंडाशी ज्वाला रोखणारी जाळी असते. दोन्ही प्रकारचे स्टार्टर शेजारी ठेवले तर फरक पटकन ओळखू येत नाही. किमतीत मात्र तो चटकन दिसतो. प्रवासी नेणाऱ्या नावेला डिझेल इंजिनच बरे, याचे हेही एक कारण आहे. यंत्रचलित जलयानांची तपासणी व नोंदणी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ अन्वये आवश्यक आहे. त्यासाठी बाहेरचे कागद येतीलच. पण इंजिनघरात कोणता स्टार्टर बसविला आहे, हे काठावरच्या ग्रामपंचायतीच्या सदस्यालाही विचारता येण्याजोगे आहे.

बांधून झालेल्या इंजिनाची चाचणी हाही निवडीचाच भाग. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान नौका घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर आदळली. किमान १५ जण प्राणास मुकले. इंजिनातील बिघाडामुळे नियंत्रण सुटल्याचे नौदलाने सांगितले. चाचणी प्रवासी मार्गापासून दूर आणि मोकळ्या पाण्यात घ्यावी. वेग कमी करणारी तार आणि गिअरची तार काठावरच पुन्हा पुन्हा ओढून पाहावी, आणि इंजिन तत्काळ बंद करण्याची कळ चालकाच्या हाताशी असावी. नंतर नेहमीचे वजन भरून नाव पूर्ण वेगाने चालवावी. इंजिन ठरलेल्या फेऱ्या गाठत नसेल आणि काळा धूर ओकत असेल, तर पंखा जड आहे. फेऱ्या मर्यादेबाहेर जात असतील, तर तो हलका आहे. अशा वेळी इंजिनाला हात न लावता आधी पंखा बदलावा.