समजून घ्या : अंगठ्याएवढ्या खेळाडूंची टीम रंगवण्याचा छंद नेमका काय आहे? पावसाळ्यात रंग का बिघडतो आणि डोळे रंगवायचे की नाही?

'फँटसी स्पोर्ट्स' म्हटलं की आपल्याला मोबाइलवर लावलेली क्रिकेटची टीम आठवते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या या स्पर्धा बंद झाल्या. पण याच नावाचा एक वेगळा छंद गेली जवळपास चाळीस वर्षं जगात सुरू आहे. त्यात ॲप नाही आणि पैजही नाही. अंगठ्याएवढे अकरा खेळाडू स्वतः जोडायचे, रंगवायचे, टेबलावर खेळवायचे आणि मग काचेच्या कपाटात मांडायचे, असा हा प्रकार आहे.

गेल्या जूनमध्ये मीरा रोडच्या वन-बीएचकेमध्ये मी अशी एक टीम रंगवायला घेतली. दीड महिन्यात तीनच खेळाडू झाले. उरलेले आठ करड्या प्लास्टिकच्या रंगातच डब्यात पडून राहिले. असं का झालं, हे शोधताना जे हाती लागलं ते या लेखात मांडलं आहे.

हा खेळ नेमका काय आहे?

या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे 'ब्लड बाऊल'. ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीनं तो १९८६ मध्ये बाजारात आणला. रचना जर्व्हिस जॉन्सन यांची. कल्पना गमतीची आहे. परीकथेतली माणसं, हिरवे दांडगे ऑर्क, बुटके ड्वार्फ आणि चपळ एल्फ एकमेकांशी युद्ध न करता अमेरिकन फुटबॉलसारखा धसमुसळा खेळ खेळतात.

मैदान २६ बाय १५ चौकोनांचं. एका वेळी मैदानावर ११ खेळाडू, संघात जास्तीत जास्त १६. प्रत्येक अर्धात दोन्ही बाजूंना आठ-आठ डाव. कोण कुणाला पाडणार, चेंडू हातात राहणार की सुटणार, हे फासे ठरवतात.

पहिल्या आवृत्तीत पुठ्ठ्याचे खेळाडू होते. १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या खोक्यात प्लास्टिकच्या मूर्ती आल्या. पुढे कंपनीचं या खेळाकडे लक्ष कमी झालं, तेव्हा चाहत्यांनीच स्पर्धा भरवून तो जिवंत ठेवला. २०१६ मध्ये तो नव्या मूर्तींसह परत आला. याच कंपनीची 'गोल्डन डेमन' ही मूर्ती रंगवण्याची स्पर्धा १९८७ पासून भरते. हा छंद मूठभरांचाच आहे असं वाटत असेल, तर एक गोष्ट लक्षात घ्या : लहान मूर्ती विकणारी ही कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात दाखल झाली.

रंगवायचं कशासाठी? प्लास्टिकचे खेळाडू तसेच खेळवता येत नाहीत का?

येतात. पण मग समोरच्याला कळत नाही की कोण धावणारा आणि कोण अडवणारा. एका बॉक्समध्ये साधारण १२ मूर्ती असतात आणि त्या बऱ्याचदा दोन सारख्या चौकटींतून निघतात. म्हणजे एकाच पवित्र्यातले दोन-दोन खेळाडू. म्हणून टीमची जर्सी एका रंगाची, पाठीवर नंबर आणि खेळाडू कोणत्या जागेवर खेळतो ते सांगणारी बेसच्या कडेची रंगीत रेघ, अशी पद्धत रूढ झाली आहे. बेस म्हणजे मूर्तीखालची गोल चकती. नेहमीच्या खेळाडूंसाठी ती ३२ मिलिमीटरची, लहानखुऱ्यांसाठी २५ आणि धिप्पाडांसाठी ४० मिलिमीटरची असते.

मराठी घराला हे अगदीच नवीन आहे का?

मुळीच नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडलेल्या कुणालाही हा छंद अर्धा येतो. बुरुजावर पहारेकरी, वाटेवर घोडेस्वार, पायथ्याशी बाजार आणि सिंहासनावर महाराज. म्हणजे मूर्ती रंगवलेल्या, त्यांच्यासाठी भूभाग तयार केलेला आणि सगळं शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवायला मांडलेलं. घोडबंदरचा खरा किल्ला मीरा-भाईंदरच्या हद्दीतच आहे आणि दिवाळीत सोसायट्यांच्या आवारात मुलांचे किल्ले उभे राहतात. फरक इतकाच, की मावळे आपण बाजारातून रंगवलेले आणतो आणि इथे रंग आपणच द्यायचा असतो.

सुरुवातीला काय लागतं? खर्च किती?

ब्रिटनमध्ये अशा टीमचा बॉक्स ३० पौंडांच्या आसपास मिळतो. इथे येईपर्यंत त्यावर कुरिअर आणि आयात शुल्क चढतं. पण रंगकाम शिकायला तो बॉक्सच हवा असं नाही. जुनी प्लास्टिकची खेळणी, केकवरचे क्रिकेटपटू, किल्ल्यावरचा रंग उडालेला मावळा, काहीही चालतं.

रंग ॲक्रिलिकच घ्या. पोस्टर कलर नको, कारण तो वाळल्यावरही पाणी लागलं की सुटतो आणि दुसरा हात देताना पहिला हात ब्रशबरोबर निघून येतो. आपल्या कंपासपेटीतला कॅमल हा ब्रँड दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या शाईच्या व्यवसायातून वाढला. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे त्याचे ॲक्रिलिक रंग पाणी घालून नीट पातळ केले की सरावाला पुरेसे आहेत. काळा, पांढरा, तांबडा, पिवळा, निळा आणि तपकिरी असे सहा रंग, दोन ब्रश, अस्तर आणि मॅट वॉर्निश हे सगळं साधारण दीड-दोन हजार रुपयांत बसतं.

नवखे एक चूक हमखास करतात. मूर्ती लहान म्हणून ते सर्वांत बारीक, तीन शून्यांचा ब्रश घेतात. त्याच्या केसांत रंग इतका थोडा मावतो, की मूर्तीपर्यंत पोहोचेस्तोवर तो वाळतो. १ किंवा २ नंबरचा, पण टोक नीट जुळणारा ब्रश घ्यावा. बारीक रेघ ब्रशच्या टोकामुळे निघते, त्याच्या नंबरमुळे नाही.

रंगवण्याची पद्धत काय?

१. मूर्ती साबणाच्या पाण्यानं धुवा. साच्याच्या जोडाची रेघ ब्लेडनं हलकेच खरवडा.

२. अस्तर म्हणजे प्रायमर द्या. गुळगुळीत प्लास्टिकवर रंग धरत नाही, अस्तरावर धरतो.

३. मूळ रंगाचे दोन पातळ हात द्या. एक जाड हात दिला की चेहऱ्याची कोरीव नाकपुडीसुद्धा बुजते.

४. पाण्यासारखा पातळ गडद रंग, म्हणजे 'वॉश', अंगभर सोडा. तो आपोआप खाचांत आणि कपड्यांच्या चुण्यांत उतरतो.

५. ब्रशवर रंग घेऊन जवळजवळ सगळा फडक्याला पुसा आणि उरलेला उंचवट्यांवरून फिरवा. याला 'ड्राय ब्रश' म्हणतात.

६. शेवटी वॉर्निश.

चौथी आणि पाचवी पायरी का लागते, यामागे साधं शास्त्र आहे. माणसाच्या अंगरख्याची चुणी काही सेंटिमीटर खोल असते, तिची सावली लांबूनही दिसते. मूर्तीवर तीच चुणी अर्धा मिलिमीटर होते. मूर्ती साठपट लहान केली, तरी आपल्या खोलीतला ट्यूबलाइट आणि आपले डोळे तेवढ्याच आकाराचे राहतात. त्यामुळे नैसर्गिक सावली दिसेनाशी होते आणि ती रंगानं घालावी लागते.

मीरा-भाईंदरच्या हवेत काय अडचण येते?

एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला उत्तनचा समुद्र आणि मध्ये मिठागरं. पावसाळ्यात इथली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत स्प्रेच्या डब्यानं अस्तर मारलं, की त्यातला द्रावक उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. परिणामी मूर्तीवर खरखरीत भुकटी किंवा पांढुरकी झाक येते. माझे पहिले दोन खेळाडू जुलैच्या एका दुपारी गॅलरीत असेच बिघडले. ते खरवडण्यात पुढचा आठवडा गेला.

यावर उपाय सोपा आहे. जून ते सप्टेंबर अस्तर आणि वॉर्निश दोन्ही ब्रशनं लावा. स्प्रेची कामं दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत, सकाळी दहानंतर करा. उन्हाळ्यात उलटी तऱ्हा असते, पंख्याखाली रंग मिनिटात सुकतो. त्यासाठी झाकणाच्या डब्यात ओला टिश्यू आणि वर बटर पेपर ठेवून त्यावर रंग घ्या. पावसाळ्यात मात्र हा डबा दोन-तीन दिवसांनी धुवा, बुरशी धरते.

थ्रीडी प्रिंटरनं मूर्ती घरीच काढता येतात. मग बॉक्स कशाला घ्यायचा?

रेझिनचा प्रिंटर द्रव प्लास्टिकवर अतिनील प्रकाश टाकून थरावर थर घट्ट करतो. ०.०५ मिलिमीटरचा एक थर धरला, तर ३२ मिलिमीटरच्या मूर्तीला ६४० थर लागतात. एका थराला आठ सेकंद धरले तरी काम दीड तासाच्या आत होतं. त्यामुळे मोह होतो, पण दोन गोष्टी आधी पाहाव्यात.

पहिली, सुरक्षा. न सुकलेलं रेझिन वारंवार त्वचेला लागलं तर ॲलर्जी जडू शकते आणि एकदा जडली की ती सहसा जात नाही. नायट्राइलचे हातमोजे आणि खेळती हवा हवीच. मूर्ती ज्या अल्कोहोलमध्ये धुतात ते पेट घेतं, त्यामुळे स्वयंपाकघरात हे काम नको. उरलेलं रेझिन बेसिनमध्ये ओतू नये, ते उन्हात घट्ट करून मगच टाकावं. जिथे मूल रांगतंय आणि खिडकी एकच आहे, अशा वन-बीएचकेमध्ये हा प्रिंटर न आणलेलाच बरा.

दुसरी, हक्क. कंपनीच्या मूर्तीची नक्कल छापणं हा कॉपीराइटचा भंग आहे. स्वतंत्र शिल्पकार स्वतःच्या रचनांच्या फायली विकतात, त्या विकत घेऊन छापता येतात.

मग माझे आठ खेळाडू का अडले होते?

डोळ्यांमुळे. प्रत्येक खेळाडूला पांढरं बुबुळ आणि काळा ठिपका द्यायचा माझा हट्ट होता. एका चेहऱ्यावर दोन-दोन संध्याकाळी जात होत्या आणि तरी खेळाडू तिरळाच दिसायचा. दिवाळीत खाली मुलांचा किल्ला पाहायला गेलो. आई सोबत होती. मी माझं रडगाणं सांगितलं, तर म्हणाली, "किल्ल्यावरच्या मावळ्यांचे डोळे कोण बघतं रे उकिडवं बसून? महाराजांचे बघतात."

घरी येऊन गणित मांडलं. निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखू शकतो. एक मीटर अंतरावर तो सुमारे ०.३ मिलिमीटर भरतो. या आकाराच्या मूर्तीचा काळा ठिपका ०.२ मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला तो दिसणंच शक्य नाही. त्याला भुवईखालची गडद सावली दिसते आणि तेवढी वॉशनं आपोआप येते.

पेणच्या गणपती कार्यशाळांत हीच शिस्त दिसते. मूर्तींच्या रांगेला एकेक रंग क्रमानं दिला जातो आणि डोळ्यांची आखणी मात्र मुरलेल्या हाताकडे असते, कारण गणपतीच्या डोळ्यांकडे सगळ्यांची नजर जाते. या छंदातही दोन दर्जे मानतात. एक टेबलावर हातभर अंतरावरून पाहायचा, दुसरा कपाटात जवळून पाहायचा. मी अकराच्या अकरा दुसऱ्या दर्जाचे करायला निघालो होतो.

मग कर्णधार तेवढा बाजूला ठेवला. बाकी सगळे एका रांगेत उभे केले आणि आधी सगळ्यांच्या जर्सी, मग सगळ्यांची कातडी, मग सगळ्यांवर वॉश असं काम केलं. चार रविवारांत टीम उभी राहिली. कर्णधाराच्या डोळ्यांना आणखी दोन रविवार दिले.

तयार टीम ठेवायची कशी आणि न्यायची कशी?

कपाट काचेचं आणि बंद असावं. खारी हवा आणि धूळ दोन्ही वॉर्निशवर चिकटतात. थेट ऊन येणारी खिडकी टाळा, तांबडे आणि पिवळे रंग लवकर उडतात. बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या कपाटाच्या कोपऱ्यात टाका. हातळायचं ते बेसला धरून, मूर्तीला नाही.

लोकलनं कुणाकडे खेळायला जायचं असेल, तर बेसखाली छोटं चुंबक चिकटवून खेळाडू स्टीलच्या डब्यात उभे करतात. भाईंदर पूर्वेत स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत, डब्यांना तोटा नाही. पण सगळं स्टेनलेस स्टील चुंबकाला धरत नाही. निकेल जास्त असलेल्या चांगल्या प्रतीच्या डब्यातून खेळाडू विरार फास्टमध्ये घरंगळतील. दुकानात जाताना खिशात चुंबक ठेवा. जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा मात्र हमखास चालतो.

पहिली मूर्ती बिघडली तर?

बिघडतेच. ती फेकू नका, कपाटात मागच्या ओळीत ठेवा. माझा भुकटी बसलेला पहिला खेळाडू तिथेच आहे, पाठीवर १ नंबर घेऊन. अकरावा रंगवून झाल्यावर दोघांना शेजारी ठेवलं, तेव्हा पाच महिन्यांत हात किती सुधारला ते कुणी सांगायची गरज उरली नाही.