जन्मजात खवलेदार त्वचा : मुलाला कसे सांभाळावे?

थंडीच्या दिवसांत नडग्यांवर पांढरट कोंडा येणारी मुले प्रत्येक गल्लीत दिसतात. खोबरेल तेल लावले, थंडी सरली की ती ठीक होतात. त्यांच्यासाठी डॉक्टरकडे सहसा कोणी येत नाही. आज ज्या मुलांविषयी लिहायचे आहे त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या अंगभर, कपाळापासून तळपायापर्यंत, बारा महिने जाड तपकिरी खवले असतात. तळव्यांना भेगा पडतात, डोक्यावर खपल्यांचा थर बसतो, खालच्या पापण्या बाहेरच्या बाजूला ओढल्या जातात. या रोगसमूहाला वैद्यकशास्त्रात 'इक्थिओसिस' म्हणतात. ग्रीक भाषेत 'इक्थिस' म्हणजे मासा. ज्याने हे नाव ठेवले त्याने खवले तेवढे पाहिले. मुलाच्या आईसमोर या नावाचा अर्थ सांगताना मला अजूनही संकोच वाटतो.

या रोगाचे अनेक प्रकार आहेत. त्यातील सौम्य प्रकार घराण्यात चालत येतो आणि साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो. 'लॅमेलर' नावाचा तीव्र प्रकार मात्र एक-दोन लाख जन्मांमागे एखाद्या बाळाला होतो. म्हणजे असे मूल घरात जन्मते तेव्हा दाईने, शेजाऱ्यांनी, गुरुजींनी, कित्येकदा गावातील डॉक्टरनेही आधी असे मूल पाहिलेले नसते. आणि ज्यांनी पाहिलेले नसते तेच सल्ले जास्त देतात, असा आमच्या धंद्यातील अनुभव आहे.

तीव्र प्रकारातील बरीच बाळे जन्मतःच चकचकीत, ताणलेल्या पातळ पापुद्र्यात गुंडाळल्यासारखी दिसतात. हा पापुद्रा दोन ते चार आठवड्यांत आपोआप गळतो. तो ओढून काढू नये, त्यावर हळद किंवा पावडर लावू नये. अशा बाळाच्या अंगातून पाणी भराभर उडून जाते, अंग गार पडते, जंतुसंसर्ग लवकर होतो. म्हणून घरी न ठेवता त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षात न्यावे. काही थोड्या बाळांची त्वचा पुढे जवळजवळ नेहमीसारखी होते. बाकीच्यांना खवले राहतात.

असे का होते, हे समजले की पुढचे बरेचसे पथ्य आपोआप समजते. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ हा चुना. इक्थिओसिसमध्ये हे बांधकाम करणाऱ्या एखाद्या जनुकात जन्मापासून दोष असतो. लॅमेलर प्रकाराला कारणीभूत असलेले एक मुख्य जनुक 1995 मध्ये सापडले, तर सौम्य प्रकाराचे 2006 मध्ये. भिंत कच्ची राहिल्याने आतले पाणी झिरपून जाते. शरीर घाईघाईने विटांवर विटा रचत जाते आणि जुन्या विटा वेळेवर गळत नाहीत. तेच हे खवले. ते मळ नव्हेत, अस्वच्छतेचे लक्षण नव्हे. कच्च्या भिंतीला शरीराने लावलेले ते ठिगळ आहे.

हा रोग कोणालाही लागत नाही. हे कोड नव्हे आणि कुष्ठरोगही नव्हे. रक्त 'बिघडल्यामुळे' किंवा मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने तो होत नाही. गरोदरपणी आईने ग्रहण पाळले नाही, तिला साप दिसला, कोणी पूर्वजाने नाग मारला, यांपैकी कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. खवले पाहून सापाची आठवण लोकांना होते, एवढेच. त्यावरून नागदोष काढून शांत करायला निघालेले पालक मी पाहतो. श्रद्धेविषयी मला काही म्हणायचे नाही, पण त्या खर्चासाठी मुलाचे मलम बंद झाले तर मात्र मी बोलणारच.

पालकांचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, हे मुळापासून कधी जाईल?" आजमितीस याचे प्रामाणिक उत्तर आहे, की जाणार नाही. हे ऐकायला कठीण आहे, परंतु ते ऐकून घेतलेल्या घरातील मूल जास्त सुखात वाढते, असे माझे मत आहे. कारण तेथील पैसा आणि वेळ रोजच्या निगेसाठी वापरला जातो. 'मुळापासून बरा' करणाऱ्या जाहिरातींमागे धावणाऱ्या घरात दर सहा महिन्यांनी नवी पुडी येते. पुडीवर नाव नसते, आत काय आहे ते कोणी सांगत नाही. एखाद्या पुडीने मुलाचा चेहरा गोल होऊ लागला, भूक एकदम वाढली, तर आत स्टिरॉइड असण्याचा दाट संशय घ्यावा. औषधांच्या दुकानातील खाज-गजकर्णाची मिश्र मलमेही अशीच. स्टिरॉइडची बहुतेक मलमे 2018 पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी ती मिळतात हे सर्वांना ठाऊक आहे. अशी मलमे अंगभर चोळल्याने या रोगात काही साधत नाही. उलट त्वचा पातळ होते आणि कच्च्या भिंतीतून ते औषध रक्तात उतरते.

रक्तात उतरणे ही बाब नीट ध्यानात ठेवावी. खवले काढण्यासाठी सॅलिसिलिक अ‍ॅसिडचे मलम मिळते. मोठ्या माणसाच्या टाचेला ते ठीक आहे. लहान मुलाच्या अंगभर ते लावले तर विषबाधा होऊ शकते. श्वास जोरात चालतो, उलट्या होतात, मूल गुंगीत जाते. युरियाचे मलम चांगले असते, पण तेही तान्ह्या बाळाला नको, आणि भेगांवर ते झोंबते. ही दोन्ही त्वचारोगतज्ज्ञाने सांगितल्याशिवाय घरात आणू नयेत.

आंघोळ आणि मलम

मग रोज करायचे काय? भिजवणे आणि माखणे. मुलाला कोमट पाण्यात वीस मिनिटे ते अर्धा तास बसू द्यावे. टब नसेल तर मोठे घंगाळ चालते. ज्यांच्याकडे टँकरचे पाणी येते त्यांना अर्धा तास पाणी ही चैन वाटेल. त्यांनी जुन्या सुती धोतराचे किंवा साडीचे तुकडे कोमट पाण्यात भिजवून मुलाच्या अंगाभोवती वीस मिनिटे गुंडाळावेत आणि ते सुकू देऊ नयेत. अर्ध्या बादलीत काम होते. खवले मऊ झाले की ओल्या मऊ फडक्याने हलकेच चोळावे. जेवढे सुटतील तेवढे सुटू द्यावेत. वजरी अंगावर घासू नये. रक्त निघेपर्यंत घासणाऱ्या आज्या प्रेमानेच घासतात, पण त्यांना थांबवायला हवे. जंतुनाशक द्रव, डाळीचे पीठ, कडक साबण हे सर्व त्वचा अधिक कोरडी करतात.

आंघोळीनंतर अंग टिपून घ्यावे, पुसू नये. ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, पांढरी पेट्रोलियम जेली सर्वांगाला लावावी. उशीर झाला की पाणी उडून जाते आणि अर्धी मेहनत वाया जाते. खोबरेल तेलही चालते, मोहरीचे तेल नको. दिवसातून एकदा लावून भागत नाही, दोन-तीन वेळा लावावे लागते. मोठ्या मुलाला आठवड्याला पाव किलो जेली सहज लागते. म्हणून छोट्या डब्या घेत बसू नये. औषधी दर्जाची, 'आय.पी.' असे छापलेली जेली घाऊक विक्रेत्याकडे किलोच्या डब्यात बरीच स्वस्त पडते. डब्यात बोटे न घालता स्वच्छ चमच्याने काढावी.

या सगळ्याला रोज तास-दीड तास जातो, आणि बहुतेक घरांत तो एकट्या आईचा जातो. सकाळची आंघोळ तिने घातली तर रात्रीचे मलम वडिलांनी लावावे. हा सल्ला मी औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देतो, म्हणजे घरी वाद होत नाही. मूल सहा-सात वर्षांचे झाले की हाता-पायांचे मलम त्याचे त्याला लावू द्यावे, ओबडधोबड का होईना.

जेली किंवा पॅराफिन मुरलेले कपडे आणि चादरी पटकन पेट घेतात. धुतल्यावरही त्यातील अंश राहतो. अशा मुलाला चुलीजवळ, शेकोटीजवळ बसवू नये, आणि दिवाळीत फटाके दुरूनच दाखवावेत.

उन्हाळ्याचा धोका

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दिसण्याचे दुःख मोठे असते हे खरे, पण या मुलांच्या जिवाला खरा धोका असतो तो आपल्या एप्रिल-मेचा. आपल्याला घाम येतो, तो सुकतो आणि अंग गार होते. या मुलांच्या घामाच्या ग्रंथी शाबूत असतात, पण त्यांची तोंडे खवल्यांखाली बुजलेली असतात. पारा 42 वर गेला की दुपारी खेळून आलेले मूल लालबुंद होते, डोके दुखते म्हणते, चिडचिड करते, अंग चटका बसावा इतके तापते. घरचे त्याला ताप समजून तापाची गोळी देतात आणि वर पांघरूण घालतात. ही उष्णता जंतूंमुळे आलेली नसते, त्यामुळे गोळीने ती उतरत नाही. पांघरुणाने ती वाढते. अशा वेळी मुलाला सावलीत आणावे, अंगावरचा सदराच पाण्याने भिजवावा आणि पंखा लावावा. त्याला जो घाम येत नाही तो आपण बाहेरून द्यायचा. थोडे थोडे पाणी पाजावे. मूल बरळू लागले, उलट्या झाल्या किंवा झटका आला तर अंग ओले ठेवूनच ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

उन्हाळ्यात दुपारी जाड जेलीचा थर देऊ नये, त्याने उष्णता अधिक कोंडते. दिवसा पातळ लोशन आणि रात्री जेली, असे करावे. फुलझाडांवर पाणी मारण्याची फवाऱ्याची बाटली पाच-पन्नास रुपयांत मिळते. ती आणि पाण्याची बाटली दप्तरात असावी.

शाळेत पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना डॉक्टरची चिठ्ठी द्यावी. हा रोग लागत नाही, मुलाला पंख्याजवळ किंवा खिडकीशी बसवावे, उन्हातील कवायतीतून सूट द्यावी, वर्गात पाणी फवारू द्यावे, एवढे त्यात पुरे. 'इतर पालक तक्रार करतात' म्हणून प्रवेश नाकारला जात असेल तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याची आठवण द्यावी. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला तो हक्क आहे. एस.टी.त, लग्नकार्यात लोक पाहतात, विचारतात. त्यासाठी घरातल्या सर्वांनी एकच वाक्य ठरवून ठेवावे : "जन्मापासूनच कातडी कोरडी आहे, कोणाला लागत नाही." मूल हे वाक्य ऐकत ऐकत शिकते आणि पुढे स्वतःच सांगते. पाहुणे आले की मुलाला आतल्या खोलीत पाठवणे मात्र बंद करावे. त्यातून ते काय शिकते, हे सांगायला डॉक्टर नको.

वर्गात लक्ष नाही, हाक ऐकत नाही, 'ढ' आहे, अशी तक्रार आली तर आधी कान पाहावेत. खवले कानात साचून दट्ट्या बसतो आणि खरोखरच ऐकू कमी येते. दर तीन ते सहा महिन्यांनी कानाच्या डॉक्टरकडून कान साफ करून घ्यावेत, घरी पिनेने कोरू नयेत. डोळेही तसेच. पापण्या पूर्ण मिटत नसतील तर बुबुळ कोरडे पडून त्यावर जखम होऊ शकते आणि नजर जाऊ शकते. थेंब व रात्रीचे मलम नेत्रतज्ज्ञ देतील. डोळा लाल झाला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

खाण्याचे पथ्य काहीही नाही. उलट, सतत नवी त्वचा तयार करण्यात या मुलांची शक्ती आणि प्रथिने खर्च होतात, त्यामुळे वजन मागे राहते. डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध चार घास जास्तच द्यावे. तीव्र प्रकारात 'ड' जीवनसत्त्व कमी पडून पाय वाकलेले आढळतात, तेव्हा ते तपासून घ्यावे. फार तीव्र रोगात तज्ज्ञ अ‍ॅसिट्रेटिनसारखी पोटातून घ्यायची औषधे देतात. त्यांनी खवले कमी होतात, पण औषध थांबले की परत येतात, आणि यकृताच्या व रक्तातील चरबीच्या तपासण्या कराव्या लागतात. वयात येणाऱ्या मुलीच्या बाबतीत पालकांनी हे औषध विचारपूर्वकच सुरू करावे, कारण ते बंद केल्यावरही तीन वर्षे गर्भधारणा टाळावी लागते. गर्भात गंभीर व्यंग होण्याचा धोका असतो.

पुढचे मूल

शेवटी दोष कोणाचा हा प्रश्न, जो बहुतेक घरांत सुनेच्या माथी मारला जातो. लॅमेलर प्रकारात सदोष जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली असते. दोघेही स्वतः निरोगी असतात. त्यामुळे प्रत्येक गर्भारपणात चारांत एक एवढी शक्यता राहते, पहिले मूल निरोगी असो वा नसो. मामाच्या किंवा आत्याच्या घरी लग्न लावण्याची आपल्याकडील चाल येथे नडते, कारण एकाच आजोबांकडून आलेले तेच जनुक दोन्ही बाजूंना असण्याचा संभव वाढतो. आणखी एक प्रकार केवळ मुलग्यांना होतो आणि त्यात जनुक बहुधा आईकडून येते. त्या बाळंतपणात कळा लवकर सुरू होत नाहीत किंवा लांबतात, म्हणून आधीच्या मुलाचा आजार प्रसूतीच्या डॉक्टरांना सांगून ठेवावा. या मुलग्यांचे वृषण पिशवीत उतरले आहेत की नाहीत, तेही एकदा पाहून घ्यावे.

पुढच्या बाळाची गर्भातच तपासणी करता येते, साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात. पण त्याआधी आजारी मुलाच्या रक्तातून नेमका कोणता जनुकदोष आहे ते सापडावे लागते, आणि त्या अहवालाला काही आठवडे लागतात. दिवस राहिल्यावर धावपळ केली तर वेळ हातची जाते. म्हणून पुढच्या मुलाचा विचार मनात येताच, दिवस राहण्यापूर्वी, मोठ्या रुग्णालयातील आनुवंशिकी विभागात जावे. आई, वडील आणि मूल अशा तिघांचे रक्त लागते, तेव्हा तिघांनी एकाच खेपेस जावे.