प्रगतिपुस्तकातील एक शेरा : लाजाळूपणा आणि सामाजिक चिंताविकार

प्रगतिपुस्तकातील 'वर्गशिक्षकांचा शेरा' या रकान्यात 'लाजाळू, परंतु सुस्वभावी' हे शब्द आम्ही आजवर किती वेळा लिहिले असतील, याची गणती नाही. हा शेरा लिहावयास सोपा, पालकांना ऐकावयास गोड आणि पुढील वर्गशिक्षकास काहीही न सांगणारा असतो. एका विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकांत तो सहावी, सातवी आणि आठवी अशी सलग तीन वर्षे आहे, आणि तिन्ही वेळा अक्षर आमचेच आहे. नववीचे प्रगतिपुस्तक नाही. सहामाही परीक्षेपूर्वीच त्याने शाळा सोडली होती. त्याची हकीगत आम्ही त्याच्याच संमतीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे देत आहोत.

मालवण किनाऱ्यावरील एका वाडीतून तो वसतिगृहात आला. वडील दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी होते. मुलाचे अक्षर सुरेख, इतिहासाच्या लेखी परीक्षेत वर्गात पहिला. मात्र तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री त्याचे पोट हमखास दुखे. फळ्यापाशी बोलावले की खडू धरलेला हात थरथरे. भोजनगृहात तो शेवटच्या पंगतीला, भिंतीकडे तोंड करून बसे आणि अर्धपोटी उठे. आम्हास तो मिताहारी वाटला. खेळाच्या तासाला संघ पाडताना तो नेमका दिसेनासा होई. भेटीच्या रविवारी आम्ही त्याच्या आईपाशी विषय काढला, तेव्हा ती माउली हसून म्हणाली, "माझो झील लाजरो आसा गुरुजी, दुसरा काय नाय." आमचे मतही तेच होते. लाज घालवण्याचा उपाय व्यासपीठ, असे समजून आम्ही आठवीच्या वर्षी त्याला न विचारता त्याचे नाव १४ एप्रिलच्या वक्तृत्व स्पर्धेत घातले. तो उभा राहिला. त्याच्या तोंडून एक शब्द फुटला नाही. मागून कोणीतरी हसले आणि तो खाली उतरला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये मासेमारीची बंदी उठली, ट्रॉलर समुद्रात गेले, आणि तोही गेला. घरची गरज म्हणून मुलगा कामाला लागला, अशी नोंद आमच्या मनाने करून टाकली.

लाजाळूपणा हा स्वभाव आहे, आजार नव्हे. काही मुले अगदी लहानपणापासूनच नवी माणसे, नवी जागा पाहून मागे सरतात, हे हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी दीर्घकाळ निरीक्षणे करून दाखवले. यातील पुष्कळ मुले पुढे सरावतात. आमच्या वसतिगृहातही हे दरवर्षी दिसते. जूनमध्ये खांबाआड उभा राहणारा मुलगा वर्षावास संपेपर्यंत गजालींत सामील झालेला असतो. तो मोजके बोलेल, पण त्याला मित्र असतात, तो जेवतो, झोपतो, परीक्षा देतो. लाजेमुळे त्याचे जगणे अडत नाही. अशा मुलाला 'जरा बोलका हो' म्हणून छळू नये, हेही येथेच सांगून टाकतो. रात्र रात्र संहितेविना संवाद फेकणाऱ्या दशावतारी नटांच्या या जिल्ह्यात अबोल मनुष्य उगाचच अपुरा ठरतो.

सामाजिक चिंताविकार ही निराळी गोष्ट आहे. लंडनमधील मनोविकारतज्ज्ञ आयझॅक मार्क्स व मायकेल गेल्डर यांनी १९६६ मध्ये निरनिराळ्या भयगंडांची वर्गवारी मांडताना चारचौघांत वावरण्याची भीती हा स्वतंत्र प्रकार म्हणून ओळखला. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत 'सामाजिक भयगंड' या नावाने त्याला १९८० साली स्थान मिळाले. २०१३ च्या आवृत्तीत 'सामाजिक चिंताविकार' हे मुख्य नाव झाले. इतरांच्या नजरेखाली काही करताना आपले हसे होईल, आपण नाकारले जाऊ, या भीतीने मनुष्य ग्रासला जातो. बोलणेच नव्हे, तर चारचौघांत जेवणे, पाणी पिणे, सही करणेही त्याला जड जाते. ही भीती प्रसंगापुरती येऊन जात नाही. ती साधारण सहा महिने किंवा अधिक काळ टिकते, जवळजवळ प्रत्येक वेळी उद्भवते, आणि तिच्यापायी शिक्षण, काम वा नातीगोती यांचे नुकसान होऊ लागते. मुलांच्या बाबतीत निदानपुस्तिका एक महत्त्वाची अट घालते : भीती केवळ मोठ्यांसमोर नव्हे, बरोबरीच्या मुलांतही वाटली पाहिजे. गुरुजींपुढे गप्प बसणारा मुलगा मित्रांत खिदळत असेल, तर चिंता नको. आमचा विद्यार्थी मित्रांतही गप्प होता. पण मित्रांतला तो आम्ही कधी पाहिलाच नव्हता. बहुतेकांत हा विकार ८ ते १५ या वयात सुरू होतो. म्हणजे नेमक्या ज्या वयात मुले आमच्यासारख्या निवासी शाळांच्या स्वाधीन केली जातात, त्या वयात.

हा विकार आपणहून का सरत नाही, याचे उत्तर टाळाटाळीत आहे. पोट दुखले, तोंडी परीक्षा चुकली, मनाला तत्काळ हायसे वाटले. त्या हायशा वाटण्यातून मन शिकते की आपण टाळले म्हणूनच वाचलो. पुढच्या वेळी भीती अधिक मोठी होऊन येते. टाळणे शक्य नसेल तेथे मनुष्य बारीकसारीक आडोसे शोधतो. वाक्य मनात दहा वेळा घोकून मग बोलतो, नजर खाली ठेवतो, हात खिशात लपवतो. त्याचे सारे लक्ष समोरच्याच्या बोलण्याऐवजी स्वतःच्या घामाकडे, थरथरीकडे राहते, आणि त्यामुळेच संभाषण फसते. मोठेपणी यात दारूची भर पडू शकते. चार माणसांत जाण्यापूर्वी दोन घोट घेतले की जीभ सैल होते, असा शोध लागलेले किती तरी जण आपल्या किनाऱ्यावरही असतील. त्यांची दारू समाजाला दिसते, दारूमागची भीती दिसत नाही.

येथे इतिहासाचे शिक्षक म्हणून एक मुद्दा विस्ताराने मांडणे आम्हास भाग आहे. निदानपुस्तिकेनुसार ही भीती प्रत्यक्ष धोक्याच्या आणि सामाजिक-सांस्कृतिक परिस्थितीच्या प्रमाणाबाहेर असावी लागते. आपल्या समाजाच्या संदर्भात या अटीचे मोल फार मोठे आहे. साताऱ्याच्या शाळेत बालभीमाला वेगळे बसावे लागे. बसायचे गोणपाट घरून आणावे व संध्याकाळी परत न्यावे लागे. शिपाई असेल तरच पाणी मिळे. बाबासाहेबांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना गणित सोडवण्यासाठी फळ्याकडे बोलावताच, फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून मुले डबे उचलण्यास धावली. अशा वर्गात फळ्याकडे जाताना एखाद्या मुलाचे पाय अडखळले, तर विकार कोणाला म्हणावा? पायांना की वर्गाला? तेथली भीती प्रमाणाबाहेर नाही, ती धोक्याचे अचूक मोजमाप आहे. तिच्यावरचा उपाय दवाखान्यात नसून व्यवस्था बदलण्यात आहे. आजही आडनाव विचारून झाल्यावर बदलणारी नजर, मालवणी हेल ऐकून वर्गात पिकणारा हशा, हे मुलाला गप्प करतात. अशा वेळी मुलाला गोळ्या देणे म्हणजे हसणाऱ्यांना निर्दोष सोडणे होय.

परंतु याची दुसरी बाजू आमच्यासारख्या चळवळीतल्या माणसांकडून सुटते. प्रत्येक मूक मुलात आम्ही व्यवस्थेने दडपलेला आवाज पाहतो आणि त्याला ध्वनिक्षेपकापुढे उभा करतो. अपमान होणार नाही अशा जागी, आपल्याच माणसांत, आपल्याच भोजनगृहातही ज्या मुलाचा घास घशाखाली उतरत नाही, त्याचे दुखणे निराळे असू शकते, हे आमच्या ध्यानी येत नाही. शिवाय दोन्ही गोष्टी एकाच मुलात एकत्र असू शकतात. खऱ्या अपमानातून सुरू झालेली भीती अपमान थांबल्यावरही उरते, आणि तेव्हा तिच्यावर उपचार लागतात.

धम्माच्या परंपरेला ही भीती अपरिचित नाही. अंगुत्तर निकायातील एका सुत्तात पाच भये सांगितली आहेत : उपजीविकेचे, अपकीर्तीचे, परिषदेत बुजण्याचे, मृत्यूचे आणि दुर्गतीचे. परिषदेत बुजण्याच्या भयास पालीत 'परिससारज्जभय' म्हणतात, आणि ते मरणभयाच्या पंक्तीत बसवलेले आहे. 'सारज्ज' म्हणजे बुजरेपणा. तो ज्याच्यापाशी नाही तो 'विसारद'. आपण संगीत विशारद म्हणतो तेव्हा तज्ज्ञ असा अर्थ घेतो. पालीत मात्र निःसंकोचपणे सभेत जाणारा हा अर्थ जिवंत आहे. दुष्कृत्याची लाज म्हणजे 'हिरी'. ती सद्गुण मानली गेली, सभेचे भय मात्र सद्गुणांत गणले गेले नाही. आमच्या प्रगतिपुस्तकाने या दोहोंची गल्लत केली होती. मज्झिम निकायातील भयभेरव सुत्तात, संबोधीपूर्वी भय वाटणाऱ्या वनात मुद्दाम राहिलेले सिद्धार्थ गौतम सांगतात की चालताना भय आले, तर ते निवळेपर्यंत चालतच राहिलो, बसलो नाही. आजचे उपचार सुत्तातून आले, असा दावा आम्ही करणार नाही. तसले दावे करण्याची हौस इतरांना पुष्कळ आहे. पण टाळल्याने भय वाढते व थांबून राहिल्याने ओसरते, हे निरीक्षण जुने आहे खरे.

आजचा प्रमुख उपचार याच निरीक्षणावर उभा आहे. बोधात्मक वर्तनोपचारात मनातील भाकिते तपासली जातात आणि भीतीच्या प्रसंगांची शिडी करून सर्वांत खालच्या पायरीपासून सुरुवात होते. मराठी वाचकाला यातील एक शाखा चांगली परिचित आहे, ती अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती. कि. मो. फडके यांनी ती महाराष्ट्रात रुजवली, आणि डॉ. अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या कादंबरीने ती घरोघर पोहोचवली. एलिस तरुणपणी स्त्रियांशी बोलण्यास घाबरत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात महिनाभरात सुमारे १०० अनोळखी स्त्रियांशी स्वतःहून संभाषण केले. एकच भेटायला कबूल झाली आणि तीही आली नाही! पण आभाळ कोसळले नाही, हे त्यांना कळले. मात्र एलिस यांनी हे स्वतः ठरवून केले होते. आमच्या विद्यार्थ्याला आम्ही शिडीच्या शेवटच्या पायरीवर, त्याच्या इच्छेविरुद्ध, एका दमात चढवले होते. सराव आणि शिक्षा यांत हाच फरक असतो.

गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञ औषधेही देतात. सर्ट्रालीन, एस्सिटॅलोप्रॅमसारखी औषधे गुण दाखवण्यास काही आठवडे घेतात. ती झोपेच्या गोळ्यांसारखी सवय लावणारी नाहीत, पण मनाने सुरू वा बंद करू नयेत. मुलाबाबत शंका असल्यास पालकांनी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. १४४१६ हा शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मराठीतही बोलता येते. चारचौघांत जाण्याचेच भय असणाऱ्यास पहिली पायरी म्हणून फोन बरा, असे म्हणावे, तर अशांपैकी अनेकांना फोनचीही धास्ती असते. तेव्हा पहिला फोन घरच्यांनी करावा.

आमचा तो विद्यार्थी काही वर्षांपूर्वी अचानक शाळेत आला. दरम्यान तो गोव्यात बोटींच्या इंजिनांची दुरुस्ती शिकला होता. तेथील एका डॉक्टरांनी दारूच्या उपचारांवेळी खोदून विचारले, तेव्हा मूळ दुखण्याला पहिल्यांदा नाव मिळाले. पुढे दीड वर्ष उपचार झाले, १७ नंबरचा फॉर्म भरून तो दहावी उत्तीर्ण झाला. तिन्ही प्रगतिपुस्तके त्याने जपून ठेवली होती; ती त्याने आमच्या टेबलावर ठेवली. रागाने नव्हे. "सर, हे लिहिताना तुम्ही कुठे बघून लिहीत होता?" एवढेच त्याने विचारले. आमच्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हापासून त्या रकान्यात आम्ही विशेषण लिहीत नाही. मूल कोणाबरोबर जेवते, खेळाच्या तासाला कोठे असते, कोणत्या दिवशी आजारी पडते, ते लिहितो. वक्तृत्व स्पर्धेत नाव घालण्यापूर्वी मुलाला विचारतो, आणि तोंडी परीक्षा आधी एकट्याची, मग दोघांत, मग वर्गापुढे अशी घेतो.

त्या दिवशी आम्ही त्याला जेवायला थांबण्याचा आग्रह केला. तो थोडा घुटमळला, मग मुलांच्या पंगतीत बसला, पोटभर जेवला आणि साडेतीनच्या एस.टी.ने परत गेला.